मावसभावाच्या पॉडकास्टवर आई

"तुम्हीच का ते पॉडकास्टवाले?" गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाने मला विचारलं.

जुलै महिना होता आणि आमच्या धंद्याचे हेच दिवस. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमची नर्सरी आहे. हापूसची आणि काजूची कलमं, थोडी नारळाची रोपं, कोकम, जायफळ असा माल असतो. देवदर्शन करून परतणारी माणसं थांबतात, डिकीत चार पिशव्या ठेवतात आणि घाटाच्या रस्त्याला लागतात. हा माणूस मात्र पुळ्याला जाता जाता थांबला होता. बायको बरोबर होती. दोघं डोंबिवलीहून निघाली होती आणि त्यांना सासुरवाडीच्या जमिनीत बाग करायची होती.

"कसले पॉडकास्टवाले?" मी विचारलं.

"कलमांवर बोलतात ते. मालगुंडचे. आम्ही दोघंही ऐकतो. तुमचा बोर्ड बघितला आणि वाटलं हेच असणार."

मी म्हटलं, "मालगुंड पुढे आहे. पण कलमंच हवी असतील तर ह्या पट्ट्यातली सगळ्यात जुनी नर्सरी आमची. वडिलांपासून चालत आलेली. या, आमचा मातृवृक्ष दाखवतो." ज्या झाडाच्या काड्या घेऊन कलमं बांधतात त्याला आम्ही मातृवृक्ष म्हणतो, आणि आमच्या झाडाची गोष्ट ऐकल्याशिवाय मी सहसा कुणाला सोडत नसे.

"येताना येऊ," तो म्हणाला. "आधी त्यांना भेटतो. त्यांनीच सांगितलंय, जमीन बघितल्याशिवाय काही घेऊ नका म्हणून."

बायकोने मी दिलेलं पाणी अर्धं पिऊन तांब्या परत केला. ती दोघं येताना आली नाहीत. मी संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत होतो.

मालगुंडचा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून बराच धाकटा. शाळेसाठी तो आठवीपासून आमच्या घरी राहिला आणि कॉलेज संपेपर्यंत आमच्याच पंगतीला जेवला. तो बोलायला लागला की पहिला शब्द घशात अडकून बसायचा. मान थोडी पुढे यायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस उगाच ओशाळा व्हायचा. मी तिथे असलो तर त्याचं वाक्य पुरं करून टाकायचो. मला ते मोठ्या भावाचं कामच वाटायचं.

माझं नेमकं उलट. तालुक्यात मला कलमांपेक्षा आवाजासाठी जास्त लोक ओळखतात. शाळेच्या क्रीडामहोत्सवापासून शिमग्याच्या पालखीपर्यंत माईक कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न आमच्या भागात कधी पडला नाही. तरुणपणी रेडिओवर शेतीविषयक निवेदन करायला मला बोलावत. लग्नांत लोक माझ्या तारखा मागून घ्यायचे. तेव्हा धंद्यासाठी बोलून कुणाला नाव मिळणार असेल तर ते मला मिळायला हवं, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलण्याची गरजच वाटली नव्हती.

मावसभावाने काही वर्षं आमच्याकडेच काम केलं. मग लग्न झाल्यावर त्याने मालगुंडला वडिलांच्या जागेत स्वतःची नर्सरी काढली. जागा मुख्य रस्त्यापासून आत, जांभ्याच्या कातळावर. पाटी लावली तरी वळणामुळे दिसत नसे. सुरुवातीला त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकायचं नाही. मी अधूनमधून त्याच्याकडे एखादी ऑर्डर वळवायचो, आणि घरी येऊन आईला सांगायचो की बिचाऱ्याचं काही खरं नाही. कीव करताना बरं वाटतं. ते किती बरं वाटत होतं हे कीव करायची सोय गेल्यावर कळलं.

पॉडकास्टचं असं झालं, की गिऱ्हाइकं फोनवर तेच तेच विचारायची. पानं का करपली, खड्डा केवढा काढू, मोहोर गळतो त्याला काय करू. फोनवर त्याचं अडखळणं वाढायचं आणि समोरच्याला वाटायचं रेंज गेली. मग त्याच्या बायकोने सुचवलं की लोकांचे प्रश्न एकदा नीट रेकॉर्ड करून घेऊ, तुम्ही उत्तरं सावकाश द्या, आणि पुढे कुणी विचारलं की लिंक पाठवू. एवढाच बेत. मोबाईलवर रेकॉर्ड करायचे. ही सगळी हकिगत मला माझ्या बायकोने सांगितली, म्हणजे तीही ऐकत होती.

डोंबिवलीची माणसं गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी नर्सरीच्या मागे गाडी लावली, काचा वर केल्या आणि त्याचा एक भाग ऐकला. सुरुवातीला संगीत नाही, स्वागत नाही. तो म्हणाला, "न... नमस्कार. आज लांज्याकडचे एक काका आहेत फोनवर." अडखळणं तसंच ठेवलं होतं, कापलं नव्हतं. मागे कुठेतरी भारद्वाज घुमत होता. त्याची बायको भांडी ठेवत असल्याचा आवाज आला. मला हसू फुटलं. इतका गचाळ कार्यक्रम मी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा होऊ दिला नसता.

काकांची कातळावरची मोठी जमीन होती आणि यंदाच तिच्यात हापूस लावायचा होता. मुंबईतला मुलगा पैसे पाठवायला तयार होता. मावसभावाने त्यांना बरेच प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नानंतर तो थांबायचा, आणि तो थांबला की काका आणखी काहीतरी सांगायचे. विहीर उन्हाळ्यात आटते हे त्यांनी अशाच एका शांततेत सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "काका, यंदा माझ्याकडून का... काही घेऊ नका. खड्डे मारा, माती भरा, पाण्याचं बघा. पुढल्या वर्षी बोलू."

मी मोबाईल बंद केला. हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस धंदा काय करणार, असं मला वाटलं, आणि त्या रात्री मी चांगला झोपलो.

पुढल्या पावसाळ्यात एक पिकअप आमच्या गेटसमोर रस्ता विचारायला थांबली. पुढे ड्रायव्हरशेजारी एक म्हातारे गृहस्थ, मागे चार-पाच भाऊबंद. आवाजावरून ओळखलं, लांज्याकडचे ते काका. मालगुंडला चालले होते. सगळ्या वाडीची मिळून कलमं न्यायची होती. "तो नको म्हणाला ना, तेव्हाच ठरवलं," ते मला म्हणाले, "घेतली तर ह्याच्याकडूनच." मी त्यांना रस्ता सांगितला. फार नीट सांगितला. एक वळण चुकीचं सांगावं असं मनात येऊन गेलं होतं म्हणून.

त्यानंतर मला सगळीकडे तोच दिसायला लागला. किनाऱ्यावरच्या एका गावातलं एक मुसलमान कुटुंब आमचं जुनं गिऱ्हाईक. आजोबा गलबतावर होते, आता मुलगा कुवेतला असतो. रजेवर आला की घराभोवती काहीतरी लावून जातो, आणि ते आमच्याकडूनच नेतो. तो आला, नेहमीप्रमाणे गळाभेट झाली, चहा झाला. मग म्हणाला, "तुमचा भाऊ काय सुरेख बोलतो हो. जुम्म्याची सुट्टी असली की मी तेच लावतो. मागे पाखरू ओरडतं, पाऊस पडत असतो, आमच्या तिथे खोलीत एसी चालू. डोळे मिटले की घरी आल्यासारखं वाटतं."

"अडखळतो फार," मी म्हटलं.

"हां, पण घाई नाही त्याला," तो म्हणाला. त्याने माझ्याकडून नारळाची रोपं घेतली आणि हापूससाठी मालगुंडला गेला. मला सांगून गेला. लपवून गेला असता तर बरं झालं असतं.

माझे रस्त्यावर तीन ठिकाणी फ्लेक्स होते. पुळ्याच्या बाजारात, हातखंब्याला आणि बंदराकडे. रत्नागिरीत रिक्षा फिरवून माझ्याच आवाजात जाहिरात व्हायची. ती ऐकणारी माणसं रत्नागिरीतली, ज्यांच्या परसात आधीच आंबा. ज्यांना कलमं हवी होती ती बसली होती डोंबिवलीत, विरारला, कुवेतला, आणि त्यांच्या कानात तो बोलत होता. एवढं साधं गणित मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्याचा राग आणखी आला. त्याने हे ठरवून केलं असतं तर मी त्याला हुशार म्हटलं असतं आणि विषय संपला असता. त्याने काही ठरवलंच नव्हतं.

एकदा दुपारी स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी डोकावलो. ती एकटीच कोकमाची सोलं कुस्करत होती. मोबाईल फळीवर उभा करून ठेवला होता.

"कोण आहे?" मी विचारलं.

"भावजी," ती म्हणाली. "माकडांवर सांगतायत. ऐका ना."

मी म्हटलं मला कामं आहेत. पंचवीस वर्षं ती माझी सूत्रसंचालनं ऐकत आली आहे. त्यात कधी अशी हसल्याचं मला आठवेना.

मग मी माझा पॉडकास्ट सुरू केला. कारण सगळ्यांना वेगळं सांगितलं, की काळाबरोबर जायला हवं. मुलगी कोल्हापूरला कॉलेजात होती, तिच्याकडून चांगला माईक मागवला. घराच्या मागच्या खोलीत गाद्या उभ्या लावून आवाज घुमणार नाही अशी व्यवस्था केली. बासरीचा तुकडा सुरुवातीला टाकला. "नमस्कार बागायतदार बंधू-भगिनींनो, सागराच्या साक्षीने आणि सह्याद्रीच्या कुशीत..." असा आरंभ होता. तो लिहायला माझी अख्खी दुपार गेली होती. एकही शब्द अडखळला नाही. पहिल्या भागात वडिलांची आणि मातृवृक्षाची गोष्ट सांगितली. वडिलांना पुळ्याच्या एका जाणत्या बागायतदाराने खूश होऊन ते कलम कसं दिलं, ही. लहानपणी आजोबांकडून ऐकलेली. मी ती इतक्यांदा सांगितली होती की त्या बागायतदाराला पुढे मी पांढऱ्या मिशाही दिल्या होत्या.

नातेवाइकांनी अंगठे पाठवले. बाहेरचं कुणी ऐकेना. दुसरा भाग, तिसरा भाग. गिऱ्हाइकांना मी लिंक पाठवायचो आणि प्रत्यक्ष आली की विचारायचो, ऐकलंत का. ती "हो हो" म्हणायची आणि कलमांकडे बघायला लागायची.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा मी तिला म्हटलं, खरं सांग काय चुकतंय. ती जरा घुटमळली.

"बाबा, तुम्ही सगळ्यांशी एकदम बोलता. मैदानात बोलल्यासारखं. ऐकणारा एकटा असतो हो. कानात घालून भाजी चिरत असतो."

आई तिथेच वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, "मला तर तुझं ऐकलं की वाटतं, कुठेतरी पताका लावल्यानी आहेत."

दोघी हसल्या. मीही हसलो. पण चौथा भाग काढला नाही. माईक अजून त्या खोलीत आहे, त्याच्यावर बायको पंचा घालून ठेवते.

गणपती झाल्यावर आई दरवर्षी आपल्या बहिणीकडे, म्हणजे मावसभावाच्या आईकडे, मालगुंडला राहायला जाते. मावशीचे गुडघे गेलेत, त्यामुळे आता हीच जाते. त्या वर्षीही गेली. परत आली ती नेहमीसारखीच, पिशवीत मावशीने दिलेली पडवळं घेऊन. काही बोलली नाही. नंतर काही दिवसांनी मी शेडमध्ये पिशव्यांत माती भरून घेत होतो, तेव्हा बायको तिथे आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं कुणी गेलं की काय.

"आईंचं आलंय भावजींच्या पॉडकास्टवर," ती म्हणाली. "तुम्ही ऐका. मी बोलत नाही काही."

मी हात धुतले आणि शेडच्या कडेला उलट्या टोपलीवर बसून ऐकलं.

आधी माझी आई आणि मावशी दोघी होत्या. केळशीच्या त्यांच्या माहेराविषयी बोलत होत्या, परसातल्या झाडांविषयी. आईचा आवाज कानात इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. तिला थोडा दम लागतो हे मला माहीत नव्हतं. मग मावसभावाने विचारलं, "मावशी, तुमच्या दारातलं ते उशिराचं झाड, ते कु... कुठून आलं?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. त्याने तिला गप्प राहू दिलं.

"ते माझंच," ती म्हणाली. "केळशीचं."

आणि मग तिने सांगितलं. लग्नानंतरचा पहिला श्रावण. ती माहेरी गेली होती. तिच्या वडिलांच्या परसात एक हापूस होता, सगळ्यांचे आंबे संपले की ह्याचे उतरायचे. निघताना वडिलांनी त्याचं एक कलम तुपाच्या रिकाम्या डब्यात लावून तिच्या हातात दिलं. दापोलीहून एसटीने ती डबा मांडीवर घेऊन आली. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, ह्याचं अर्धं तिकीट काढू काय?" सगळी गाडी हसली.

"पण मामंजींचं आणि माझ्या वडिलांचं लग्नात मानपानावरून वाजलेलं," आई सांगत होती. "त्या घरचं काही माझ्या उंबऱ्यात यायचं नाही, असं म्हणालेले. मी डबा घेऊन स्टँडवर उतरले खरी, पण तिथेच उभी राहिले. हे आलेले न्यायला. ह्यांनी बघितलंनी. माझ्या हातातनं डबा घेतलानी आणि म्हणाले, तू हो पुढे. मी घरी पोचले, चूल पेटवली, आणि मग हे आले मागच्या बाजूने. मामंजींना सांगितलंनी, पुळ्याच्या एका बागायतदाराने दिलंय. मामंजी झाडाकडे बघून म्हणाले, माणूस जाणकार दिसतो. स्वतःच्या हाताने खड्डा मारलानी. मी चुलीपुढे पदर तोंडात धरून हसत होते."

मावशी हसल्याचा आवाज आला.

"दरवर्षी पहिला आंबा मामंजी खायचे आणि त्या बागायतदाराचं नाव काढायचे. आणि हे माझ्याकडे बघायचे. एवढंच. ह्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलंनी, ते मी कशाला खोडू? आता तेही नाहीत, मामंजी तर कधीच गेले. आता सांगायला हरकत नाही."

मग मावसभाऊ म्हणाला, "ह्या झाडाची कलमं माझ्याकडे नाहीत. ती मावशीकडेच मिळतात." आणि रत्नागिरीहून पुळ्याला येताना आमची नर्सरी कुठे लागते ते त्याने नीट सांगितलं.

टोपलीवर बसल्या बसल्या मला काय काय वाटलं ते सगळं सांगता येणार नाही. वडील स्टँडवर उभे आहेत, त्यांच्या हातात डबा आहे, हे मला दिसत होतं आणि डोळे भरून येत होते. पण त्याच्या खालून दुसरं वर येत होतं. ही गोष्ट माझी होती. माझ्या दारातली, माझ्या आईबापांची, आणि ती त्याला मिळाली. मला मिळाला होता मिशीवाला बागायतदार.

मी त्याला फोन लावला. म्हटलं, "माझ्या आईला असलं काही विचारायच्या आधी तू मला विचारायला हवं होतंस."

पलीकडे तो पहिल्याच शब्दावर अडकला. ह्या वेळी त्याचं वाक्य पुरं करायला माझ्याकडे काही नव्हतं.

"दा... दादा, मी सहज विचारलं. मला वाटलेलं ती तेच सांगेल, पुळ्याचं. मग ऐकल्यावर मी तिला म्हटलं, हा भाग नको टाकायला. तीच म्हणाली टाक. तू ऐकावंस म्हणून."

मी फोन ठेवला आणि घरात गेलो. आई खाटेवर पाय सोडून बसली होती. मी आलोय कशासाठी ते तिला दिसलं असणार.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "घरात बसून सांगता आलं असतं."

"सांगायला घेतलं होतं एकदा," ती म्हणाली. "हे गेले त्या वर्षी. तू मधेच म्हणालास, हो हो, ते पुळ्याचं ना. आणि मलाच सगळं परत सांगितलंस."

"मग त्याला का?"

"त्याला नाही सांगितलं. तुलाच सांगितलं. त्यात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून तिथनं सांगितलं."

ती हे रागाने म्हणाली नाही. चहा टाकतोस का, असं विचारावं तशी म्हणाली. मी खरंच आत जाऊन चहा टाकला. दोघांनी तो घेतला, आणि पडवळाच्या भाजीचा विषय निघाला.

पुढल्या पावसाळ्यात आमच्याकडे रीघ लागली. केळशीचं कलम आहे का, डब्यातलं कलम आहे का, असं विचारत माणसं यायची. ठाण्याच्या एका बाईंनी तर तुपाचा डबाच बरोबर आणला होता, त्यातच लावून द्या म्हणाल्या. कुवेतच्या माणसाने तिथून फोन करून आपल्या वाट्याची बाजूला ठेवायला सांगितली. ऑगस्ट निम्मा व्हायच्या आतच त्या झाडाची कलमं संपली. इतका चांगला सीझन मी पाहिला नव्हता, आणि इतका त्रासाचाही. प्रत्येक गिऱ्हाईक त्याने पाठवलेलं होतं. मी झाडाकडे नेऊन तोंड उघडायचो, तर गिऱ्हाईकच मला गोष्ट सांगायचं. कंडक्टर काय म्हणाला, आजोबांनी खड्डा कसा मारला. एक म्हातारे गृहस्थ तर झाडाला हात लावून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे ना हे झाड कुठून आलंय?" मी म्हटलं, "सांगा."

त्याचे आभार मानायला हवेत असं बायको म्हणाली. मी मानले, दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा. तो लाजला, म्हणाला, "दादा, तूही ये एकदा बोलायला. आवाजावर बोलू. तू माईकवर कसा उभा राहतोस, मला नेहमी..." आणि तिथे अडकला. पुढचा शब्द काय असेल ते मला कळलं होतं. तो येईपर्यंत मी थांबलो. "...हेवा वाटायचा," तो म्हणाला.

त्याला माझा हेवा वाटायचा हे ऐकून मी सुखावलो, हे लिहायला हवं. घरी येताना गाडीत मी गुणगुणत होतो. मी त्याच्याकडे जाऊन बोललोही. त्याने छान प्रश्न विचारले आणि मी बऱ्यापैकी शांत बोललो, असं मुलीचं मत. तो भाग आल्यावर किती जणांनी ऐकला हे मी रोज मोबाईलवर बघायचो. बरे ऐकत होते. आईच्या भागाच्या जवळपासही नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता मला त्याच्याबद्दल तितकंसं काही वाटत नाही, आईबद्दल वाटतंय. साठी जवळ आलेल्या माणसाने आपल्या आईवर जळावं, याला काय म्हणायचं मला माहीत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, निदान घरातल्या घरात आहे.

लोकांनी मागणी केली म्हणून आईचा दुसरा भाग ठरला. ह्या वेळी तिला मालगुंडला मीच घेऊन गेलो. तिने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. मी म्हटलं, ऐकायचंय ते, बघायचं नाही कुणाला. ती म्हणाली, "आवाजात येतं."

मावसभावाने तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी पडवीत बसलो. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि बोट ओठांवर ठेवून खूण केली, की कप बशीवर जपून ठेवा. आतून आधी त्याचा आवाज आला, शब्द कळत नव्हते. मग आईचा. मग ती मोठ्याने हसली. मी कप हातातच धरून दाराकडे थोडा सरकलो. काही ऐकू येत नव्हतं. त्याची बायको हळूच म्हणाली, "येईल की पुढल्या आठवड्यात."